रोजची चिडचिड, संयम आणि ख्रिस्ती विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत बुधवारी दुपारी बायकांचा बायबल अभ्यास असतो. धडा कोणताही असो, शेवटी चहा घेताना बोलणं एकाच जागी येऊन थांबतं: राग आवरत नाही. खून-मारामारीचा राग नव्हे. नळाचं पाणी वेळेआधी गेलं, डब्याच्या घाईत गॅस संपला, रिक्षावाला नाही म्हणाला, मुलाने तिसऱ्यांदा हाक मारूनही ओ दिली नाही, एवढ्याने दिवस नासतो आणि रात्री प्रार्थनेला बसलं की स्वतःचीच लाज वाटते. गेल्या काही वर्षांत ज्या प्रश्नांना मला पुन्हा पुन्हा उत्तर द्यावं लागलं, ते इथे मांडते. मी पाळक नाही, घर आणि नोकरी सांभाळणारी बाई आहे. यातली बरीच उत्तरं मी आधी स्वतःलाच दिली आहेत.

चिडणं हे पाप आहे का?

राग येणं वेगळं आणि रागाच्या हुकमावर वागणं वेगळं. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात आदामाचा मुलगा काइन संतापतो, त्याचं तोंड उतरतं. देव त्याला तिथल्या तिथे शिक्षा करत नाही. आधी विचारतो, तू का संतापलास? मग सांगतो, पाप दाराशी टपून बसलंय, तू त्याच्यावर ताबा ठेव. काइनाने पुढे आपला भाऊ हाबेल याचा खून केला, हे बोलणं त्याच्या आधीचं आहे. म्हणजे राग आलेला आहे, पण दार अजून बंद आहे, आणि त्या मधल्या वेळात देव काइनाशी बोलायला आला आहे. मला ही गोष्ट फार धीराची वाटते.

प्रेषित पौल इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (४:२६) रागावण्याला बंदी घालत नाही, मुदत घालतो: सूर्य मावळायच्या आत. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला संपतो, म्हणजे त्या दिवसाचा हिशेब त्याच दिवशी मिटवायचा. आमच्याकडे तो तीन-तीन महिने उधारीवर चालतो, तिथे घोळ होतो.

बायबलमध्ये देवाला ‘मंदक्रोध’ म्हटलंय. याचा नेमका अर्थ काय?

हा माझा सगळ्यात आवडता शब्द, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

इब्री भाषेत ‘आफ’ म्हणजे नाक, आणि ‘आफ’ म्हणजेच राग. संतापलेल्या माणसाच्या नाकपुड्या फुलतात, श्वास गरम होतो, त्यावरून. आपण मराठीत ‘नाकाच्या शेंड्यावर राग’ म्हणतो ना, अगदी तेच. आणि जिथे मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘मंदक्रोध’ आहे, तिथे मूळ इब्रीचा शब्दशः अर्थ होतो ‘लांब नाकाचा’. आमच्या बुधवारच्या बायका पहिल्यांदा ऐकून हसल्या, मग गप्प झाल्या. आपलं नाक आखूड. ठिणगी पडली की लगेच शेंड्यावर. देवाच्या रागाला मात्र फार लांबचा रस्ता चालावा लागतो, आणि त्या रस्त्यावर दया त्याला गाठते. हे चित्र माझं आहे, शब्द शास्त्रातला आहे.

हा शब्द निर्गम ३४:६ मध्ये येतो, आणि कधी येतो ते पाहा. इस्राएल लोकांनी पूजेला सोन्याचं वासरू केलंय. त्यांचा पुढारी मोशे याने ते बघून संतापाने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या आपटून फोडल्यात. आता तो दोन नव्या पाट्या घडवून पुन्हा डोंगर चढलाय. त्या वेळी देव त्याच्यापुढून जातो आणि स्वतःची ओळख करून देतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. पाट्या फोडून बसलेल्या माणसाला देवाने स्वतःचा हा गुण ऐकवला.

म्हणून सहनशीलता ही मुळात आपली कामगिरी नाही. तो देवाचा स्वभाव आहे, आणि त्याच्या सहवासात राहून तो आपल्याला लागतो. नव्या करारातला ‘सहनशीलता’ यासाठीचा ग्रीक शब्द ‘माक्रोथुमिया’ त्याच चालीचा आहे. ‘माक्रोस’ म्हणजे लांब, ‘थुमोस’ म्हणजे संताप.

‘इंद्रियदमन’ म्हणजे मन मारून राहायचं का?

गलतीकरांस ५:२२-२३ मध्ये पौलाने पवित्र आत्म्याच्या फळाची यादी दिली आहे, त्यातला हा शेवटचा शब्द, म्हणजे संयम. जुन्या वळणाच्या मराठीत तो भारदस्त वाटतो, पण ‘दमन’ ऐकलं की आपल्याला वाटतं, आत कोंबून झाकण लावायचं. मूळ ग्रीक शब्द ‘एन्क्रातेइया’. त्यात ‘क्रातोस’ आहे, म्हणजे बळ, ताबा. याच शब्दाचं क्रियापद पौल करिंथकरांना लिहिताना धावपटू आणि मल्लांसाठी वापरतो. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. त्या लोकांना खेळाडूचं पथ्य म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. आपल्याकडे तालमीतल्या पोराकडे बघा. तो पहाटे उठतो, खाणं सांभाळतो, जागरण टाळतो, ते शरीराचा राग आहे म्हणून नव्हे. त्याला कुस्ती मारायची आहे.

त्याच यादीत आणखी एक गोष्ट आहे. पौल ‘फळ’ म्हणतो, एकवचनी. नऊ गुण, पण फळ एकच. पहिला गुण प्रीती, शेवटचा संयम. पहिल्याशिवाय शेवटचा आणायला गेलं की काय होतं ते मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे: अबोला. भांडी हळू ठेवायची, आवाज चढू द्यायचा नाही, ‘काही नाही झालं’ म्हणायचं आणि चार दिवस समोरच्याकडे बघायचं नाही. मी वर्षानुवर्षं याला माझा संयम समजत होते. नवऱ्याने एकदा सांगितलं, ‘तू ओरडलीस तर परवडतं गं.’ त्या दिवशी कळलं, अबोला हा थंड केलेला राग आहे.

ऐन रागाच्या क्षणी काय करायचं? तेव्हा वचन कुठे आठवतं?

लांब वचन आठवत नाही, बरोबर. म्हणून एक आखूड वचन आधीच मुरवून ठेवावं लागतं. माझं आहे स्तोत्र १४१:३. त्यात दावीद देवाला म्हणतो, माझ्या मुखावर पहारा ठेव. मी एवढंच म्हणते, ‘प्रभू, पहारा.’ दोन शब्द, एक श्वास.

पहारेकऱ्याचं काम वेस कायमची बंद ठेवणं नसतं. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारतो, कोण तुम्ही, कुठून आलात? ओठांवर आलेल्या वाक्यालाही तेच विचारायचं. कुठून आलास? बहुतेक वेळा उत्तर येतं: भुकेतून, अपुऱ्या झोपेतून किंवा भीतीतून.

एक उदाहरण देते. मुलगा सातवीत असताना गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री नऊ वाजता म्हणाला, वही शाळेत राहिली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, आणि ते त्याच्या मनात आयुष्यभर राहिलं असतं इतकं विषारी होतं. ‘प्रभू, पहारा’ म्हटलं आणि ओट्याला टेकून उभी राहिले. वाक्य कुठून आलंय? वहीतून नाही. त्या महिन्यात नवऱ्याच्या नोकरीचं काही खरं नव्हतं आणि पोरगाही मागे पडणार या भीतीने मी आठवडाभर पोखरले होते. राग वहीवर नव्हताच. मी शेजारच्या मुलाची वही मागून आणली. रागावलेही त्याला, पण वहीपुरतं.

हे दर वेळी जमतं असं मुळीच नाही. दहापैकी चार वेळा जमलं तरी घरातली हवा बदलते.

फोनवरच्या रागाचं काय? कुटुंबाच्या ग्रुपवर कुणीतरी टोमणा मारतं आणि बोटं शिवशिवतात.

याकोब १:१९ सांगतो, ऐकायला तत्पर, बोलायला धीमे, रागाला मंद असावं. टाईप करणं म्हणजे बोलणंच. लिहा, पाठवू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत हात लावू नका. आणि कृपा करून उत्तरादाखल वचन पाठवू नका. टोमण्याला शास्त्रवचनाचा टोमणा हे शास्त्राचा मान ठेवणं नव्हे.

येशूही चिडला होता ना? त्याने मंदिरात चौरंग उलथवले. मग मी ओरडले तर काय बिघडलं?

हा प्रश्न नेहमी थोडा वकिली आवाजात येतो, आणि मी तो टाळत नाही. हो, तो रागावला. मार्क ३:५ मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की वाळलेल्या हाताच्या माणसाला शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या पवित्र दिवशी, बरं करू नये असं मनात धरून बसलेल्या लोकांकडे त्याने रागाने पाहिलं, आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणामुळे तो खिन्नही झाला. राग आणि दुःख एकाच नजरेत.

मंदिराच्या प्रसंगाबद्दल मात्र मार्क ११:११ हे वचन आपण भर्रकन वाचून जातो. येशू संध्याकाळी मंदिरात गेला, सभोवार सगळं पाहिलं, उशीर झाला होता म्हणून बारा शिष्यांबरोबर बेथानीला निघून गेला. चौरंग उलथले ते दुसऱ्या दिवशी. सराफ आणि कबुतरं विकणारे त्याने आदल्या संध्याकाळी पाहिले असतीलच. मध्ये एक रात्र गेली. योहानाच्या शुभवर्तमानात तर तो दोऱ्यांचा कोरडा, म्हणजे चाबूक, वळतो, आणि वळायला वेळ लागतो.

आणि त्याचा राग कुणासाठी होता? गरिबांच्या आणि परराष्ट्रीयांच्या प्रार्थनेच्या जागेसाठी. स्वतःच्या अंगावर लोक थुंकले तेव्हा तो गप्प राहिला. माझा हिशेब नेमका उलटा असतो: दुसऱ्यावरचा अन्याय बघून मी गप्प राहते, आणि माझ्या बाकावर कुणी बसलं तर चिडते.

मी रोज प्रार्थना करते, तरी पुन्हा तेच घडतं. माझा विश्वास कमी आहे का?

येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे बघा. तीन वर्षं प्रत्यक्ष येशूबरोबर हिंडला, आणि येशूला धरायला लोक आले तेव्हा गेथशेमाने बागेत तलवार उपसून मल्ख नावाच्या दासाचा कान कापला. येशूने त्या कानाला स्पर्श करून तो बरा केला. पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:२३) ख्रिस्ताबद्दल काय लिहिलंय? त्याची निंदा होत असता त्याने उलट निंदा केली नाही. तलवार उपसणाऱ्या माणसाच्या पत्रात हे वाक्य येतं, आणि मध्ये कितीतरी वर्षं, कितीतरी चुका गेलेल्या असतात.

फळ हा शब्द इथेही आठवावा. आंब्याच्या कलमालासुद्धा नीट धरायला चार-पाच वर्षं लागतात.

मात्र एक सांगते. ‘मला संयम दे’ एवढीच प्रार्थना मी आता करत नाही. ती फार मोघम आहे. ‘सकाळी साडेसात ते आठ, डबा भरताना, मला सांभाळ’ अशी करते. रात्री दिवसाकडे देवासोबत मागे वळून बघायची एक जुनी रीत आहे, सोळाव्या शतकात संत इग्नाती लोयोला यांनी ती घालून दिली. आधी आभार, मग दिवसाची उजळणी, मग कबुली, मग उद्याची मदत. मी महिनाभर केली, तेव्हा दिसलं की माझा ऐंशी टक्के आरडाओरडा त्या अर्ध्या तासातलाच आहे. उपाय निम्मा आध्यात्मिक निघाला. निम्मा असा की भाजी रात्रीच चिरून ठेवायची.

थकलेल्या माणसाने संयम आणायचा कुठून?

आधी जेवा, मग झोपा. हे शास्त्रातलंच आहे. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा उशाशी ठेवतो, झोपू देतो, आणि पुन्हा उठवून पुन्हा जेवायला लावतो. देवाचं बोलणं त्यानंतर.

मोशेची गोष्ट याहून दुःखाची आहे. पृथ्वीवरचा सगळ्यात नम्र माणूस असं ज्याच्याबद्दल लिहिलंय, तो गणना २० मध्ये पाण्यासाठी कुरकुरणाऱ्या लोकांवर भडकतो आणि खडकाशी बोलायचं सोडून काठीने दोनदा तडाखे मारतो. वचनदत्त देशात त्याला जाता येत नाही. पण त्या अध्यायाचं पहिलं वचन वाचा: तिथे मिर्याम मेली आणि तिला तिथेच पुरलं. तान्ह्या मोशेला ज्यात लपवलं होतं त्या नदीकाठच्या पेटाऱ्यावर लहानपणी पहारा देणारी त्याची बहीण. दुसऱ्याच वचनात लोक पाण्यासाठी भांडायला हजर. त्याला रडायला वेळ मिळाला, असं तिथे लिहिलेलं नाही. घरात कुणी विनाकारण चिडू लागलं की मी आता विचारते, या माणसाची मिर्याम कोण?

काही माणसांच्या बारीकसारीक सवयींनीच डोकं फिरतं. त्यासाठी देवाला काय त्रास द्यायचा?

द्या. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठात राहणारी संत तेरेजा (१८७३–१८९७) अवघ्या २४ व्या वर्षी क्षयाने गेली. तिच्या लढाया कोणत्या? ध्यानाच्या वेळी मागे बसलेली एक बहीण सतत कसला तरी आवाज करायची, शिंपले घासल्यासारखा. मागे वळून एक जळजळीत नजर टाकावी असं तेरेजाला वाटे. ते दाबताना तिला घाम फुटे. शेवटी तिने तो आवाज टाळायचा प्रयत्नच सोडला आणि एखादं सुरेल संगीत ऐकावं तसा लक्ष देऊन ऐकला, आणि ते ऐकणंच येशूला अर्पण केलं. मी प्रोटेस्टंट घरात वाढले, संतांची आठवण आमच्यात फारशी नसते. पण शेजारच्या बाकावरच्या काकांचं उपासनेभर चाललेलं खाकरणं ऐकताना मला हीच आठवते.

सहनशीलता म्हणजे मारहाणही सोसायची का? घरचे म्हणतात, ‘क्रूस वाहा.’

नाही. नाही. हे उत्तर मी मोठ्या आवाजात देते.

येशूने सांगितलेला क्रूस सुवार्तेसाठी स्वतःहून घेतलेला असतो. दारूच्या नशेत कुणी मारलेली थप्पड हा क्रूस नव्हे, तो गुन्हा आहे. महायाजकापुढे एका शिपायाने येशूला चपराक मारली तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला नाही. त्याने विचारलं, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान १८:२३). फिलिप्पैमध्ये पौलाला चौकशीविना फटके मारून कोंडलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देऊ लागले तर तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं.

घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा २००५ चा आहे. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. मंडळीत अशी बहीण दिसली तर तिला स्तोत्र देण्याआधी राहायला जागा द्या.

देवावरच राग आला तर?

त्यालाच सांगा. देवाने निनवे शहराचा नाश केला नाही म्हणून योना नावाचा अख्खा संदेष्टा चिडून गावाबाहेर बसला होता. सावलीचा वेल किडीने खाल्ला, ऊन तापलं, आणि तो म्हणाला, मेलेलो बरा. देवाने दोनदा विचारलं, तुझं रागावणं बरं आहे का? दुसऱ्यांदा योना ठणकावून हो म्हणतो, तरी देव बोलणं थांबवत नाही. निनवेत सव्वा लाखाच्या आसपास माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का, या प्रश्नावर पुस्तक संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही.

वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते, त्याला कसा धीर धरायचा?

याकोब शेतकऱ्याचं उदाहरण देतो: पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो वाट पाहतो. इस्राएलात पहिला पाऊस पेरणीला, शरदात येतो आणि शेवटचा वसंतात, दाणा भरायला. मधले महिने शेतकरी नुसता बसत नाही.

मला केडगावच्या पंडिता रमाबाई आठवतात. इब्री आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर करायचं त्यांनी हाती घेतलं, आणि ते काम वर्षानुवर्षं चाललं. त्याच अंगणात शेकडो मुली, त्यांची आजारपणं, धान्य, विहिरी. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून झालं १९२४ मध्ये.

प्रार्थनेऐवजी डॉक्टरकडे जाणं अविश्वास आहे का?

‘ऐवजी’ हा शब्द काढून टाका. थायरॉईड, रजोनिवृत्ती, नैराश्य यांनीही माणूस चिडका होतो. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ वर मिळते, मराठीतही बोलता येतं.

मुलांवर ओरडून झालं की मुलांची माफी मागावी का? वचक जातो म्हणतात.

मागावी. कलस्सैकरांस ३:२१ मध्ये बापांना सांगितलंय की मुलांना चिरडीस आणू नका, ती खिन्न होतील. आयांनाही लागू आहे. माफी मागताना ‘पण तू पण’ हे शब्द वापरू नका.

सासूबाईंना विस्मरण झालंय. एकच गोष्ट दिवसात चाळीस वेळा विचारतात. मी माणूसच आहे ना?

आहात. माझ्याही घरी हेच आहे. ‘दादा आला का?’ दादा म्हणजे माझे सासरे, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं सांगायचे, आणि त्यांना दर वेळी ती बातमी नव्याने लागायची. मग खोटं सांगायचे. मग चिडून नुसतं ‘हूं’ करायचे. विसाव्या वेळेला माझा आवाज चढतो, अजूनही. मग मी गॅलरीत जाते, दोन शब्दांची ती प्रार्थना करते आणि परत येते. रविवारी दुपारी दोन तास जाऊबाई बसतात आणि मी झोपते. ही मदत मागायला मला दोन वर्षं लागली, तुम्ही इतकी वाट पाहू नका.

एक गोष्ट चुकून सापडली. एकदा त्यांनी विचारलं आणि मला काहीच सुचेना, म्हणून मी नुसतंच म्हटलं, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे.’ त्यांनी लगेच पुढचं धरलं, ‘मला काही उणे पडणार नाही’, आणि तेविसावं स्तोत्र शेवटपर्यंत म्हटलं, एक शब्द न चुकता. त्यांना माझं नाव आठवत नाही. आता दिवसातून कितीतरी वेळा आम्ही ते म्हणतो, कधी पोळ्या लाटता लाटता, कधी त्यांच्या केसांना तेल लावताना. संपलं की त्या थोडा वेळ शांत बसतात. मग दाराकडे बघतात आणि विचारतात, दादा आला का?